रिकाम्या जमिनीला पाणी

मूठभर माती उचलायची, दाबून तिचा लाडू करायचा आणि अंगठ्याने हळूच टोचायचा. लाडू फुटला तर, "पेरायला हरकत नाय." नाही फुटला तर, "अजून थांब." कतारमध्ये रास लफानच्या वाटेवरच्या एका शेतावर मी तुषार सिंचनाच्या कामासाठी जायचो, तेव्हा तिथलं शेतकाम बघणारे चाचा मला नेहमी असेच दिसायचे.

मूळचे रत्नागिरीकडचे. साठीला टेकलेले, डोक्याला चौकड्यांचा रुमाल, हातात खुरपं. मी नाशिकचा आहे हे कळल्यापासून ते माझ्याशी हिंदी बोललेच नाहीत. "दिवसभर हिंदी बोलून तोंड दुखतं रे," म्हणाले.

शेताच्या कतरी मालकाने हरणं पाळली होती. वीस-बावीस, वाळूच्याच रंगाची. त्यांना कापलेला चारा टाकत. यंदा त्यांनी उभं पीक चरावं असं मालकाच्या मनात आलं. कुंपणालगतचा एक तुकडा ठरला, लसूणघास पेरायचा ठरला. तुकडा मात्र लव्हाळ्याने भरलेला. हे तण तुम्ही उपटलं असेल तर तुम्हाला ठाऊक आहे: वरचं पातं हातात येतं, खालची गाठ हसत राहते.

मॅनेजर तणनाशकाचा कॅन घेऊन आला. चाचांनी तो उचलून सावलीत नेऊन ठेवला.

"हे मारायचं नाय. हरणं खाणार हायत."

ताज्या लेंड्यांचा ट्रक आला, तोही त्यांनी परत पाठवला. "बकरीच्या पोटात तणाचं बी मरत नाय. मला कुजलेलं खत पाहिजे." मॅनेजरने कपाळाला हात लावला.

मग चाचांनी मला फवारे सुरू करायला सांगितले.

"चाचा, अजून बी कुठे टाकलंय?"

"तणाला वाटू दे, पेरणी झाली. एकदा सगळं वर येऊ दे, मग बघू."

आठवड्याभरात तुकडा हिरवागार झाला. चाचा खूश, मॅनेजर लालबुंद. गड्यांना घेऊन त्यांनी सगळं खरवडून काढलं, लव्हाळा खणला, बांधकामावरची वाळूची चाळण मागून आणली आणि माती चाळून गाठी बादल्यांत भरल्या. पुन्हा पाणी. पुन्हा तण, पण थोडं. पुन्हा खुरपं.

दुसऱ्या पाण्याच्या वेळी मालक अचानक आला. मॅनेजरने ओल्या, रिकाम्या जमिनीकडे बोट दाखवलं. "बघा, तीन आठवडे नुसतं पाणी घालतोय हा म्हातारा!"

मालकाने चाचांकडे पाहिलं. चाचांनी खुरपं खाली ठेवलं. मोडक्या अरबीत एवढंच म्हणाले, "आणखी दहा दिवस द्या. नंतर तण दिसलं, तर मला घरी पाठवा."

मालक उकिडवा बसला. बादलीतली एक गाठ त्याने बोटांत फिरवून पाहिली आणि उठला. "इन्शाल्ला," म्हणाला. तो शब्द होकाराचा की नकाराचा, हे आम्हाला तो गेल्यावरही कळेना.

दहा दिवसांनी पेरणी झाली. घास दाट उगवला. मधे लव्हाळ्याची चार-दोन पाती निघाली, ती चाचांनी कोणी बघायच्या आत उपटून खिशात घातली. मी पाहिलं हे त्यांना कळलं. "तू काय बघितलं नायस," म्हणाले आणि दोघंही हसलो.

घास गुडघ्याला लागला तेव्हा कुंपणाचं फाटक उघडलं. हरणं उंबऱ्यावरच थबकली. चाचांनी आम्हा सगळ्यांना पाठ करून बसायला लावलं, मॅनेजरलासुद्धा. बराच वेळ काही नाही. मग मागून घास तुटल्याचा बारीक आवाज आला. वळून कोणी पाहिलं नाही. चाचांचे डोळे मिटलेले होते.

पुढल्या उन्हाळ्यात ते कायमचे गावी गेले. परवा व्हिडिओ कॉल आला. मागे त्यांचं कुळथाचं शेत, त्याची एक कड साफ खाल्लेली.

"हे काय झालं, चाचा?"

"भेकरं येतात रे पहाटेची. आपल्याकडची हरणंच ती."

"राखण करत नाही का?"

"करतो की," ते म्हणाले. "खुर्ची टाकून बघत बसतो."