भट्टी बंद होती म्हणून

आमच्या घरातली सगळ्यात उंच बाई म्हणजे माझी धाकटी जाऊ, आणि तिचं नाव पडलंय छोटी. धाकटी सून म्हणून सासूबाईंनी पहिल्या दिवशी हाक मारली, ती कायमची चिकटली. आमच्या बेकरीच्या दारातून आत येताना ती अजूनही मान वाकवते. दुखलंखुपलं सांगणं तिच्या स्वभावातच नाही. एकदा तापलेला ट्रे लागून कोपराची कातडी सोलून निघाली, तर बाई लांब बाह्यांचे कपडे घालून गुपचूप हिंडत होत्या. मी बरोबर उलटी. मला साधी ठेच लागली तरी सगळ्या गल्लीला कळतं.

दुसऱ्या बाळंतपणाच्या शेवटच्या दिवसांत तिच्या या स्वभावाने माझा जीव टांगणीला लावला. पहिल्या वेळी तिचं सिझेरियन झालं होतं. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की कळा ठरावीक वेळाने येऊ लागल्या, पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर घरी वाट बघत बसायचं नाही. जुन्या टाक्यांवर ताण येतो, उशीर झाला तर दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. हे ऐकलं त्याच दिवशी मी बॅग भरून दाराशी ठेवली. छोटी ती रोज कपाटात ढकलायची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येते म्हणून.

पोट खाली उतरलं तसा तिला श्वास मोकळा झाला, पण सारखं बाथरूमकडे पळावं लागायचं. पावलं सुजून चपलेत मावेनात, तेव्हा तिने नवऱ्याच्या चपला ताब्यात घेतल्या. आणि अंगात काय संचारलं कुणास ठाऊक, माळ्यावरचे जुने साचे खाली काढायला लावून घासत बसली. जरा पड म्हटलं की म्हणायची, पडलं की जास्तच जड वाटतं. शेवटी आमचा तह झाला. भट्टीतून ट्रे तिचा नवरा, म्हणजे माझे दीर, काढणार आणि तिने फक्त टेबलाशी उभं राहून साच्यांतले पाव उपडे करायचे.

त्यातच दोनदा फजिती झाली. दोन्ही वेळा पोट कडक झालं, आम्ही धावतपळत दवाखाना गाठला आणि तिथे पोचेपर्यंत सगळं शांत. खोट्या कळा आहेत, नर्सबाई म्हणाल्या. चाललं, कूस बदलली की त्या जातात. खऱ्या जात नाहीत, वाढत राहतात. शंका आली तर खुशाल परत या, असंही त्यांनी हसतमुखाने सांगितलं. पण गल्लीतला दूधवाला म्हणजे काही नर्सबाई नव्हे. आलात का रिकाम्या हाताने, असं त्याने भर रस्त्यात विचारलं. मी त्याची चांगली खरडपट्टी काढली, तरी छोटीचा चेहरा उतरला तो उतरलाच. आता पक्की खात्री पटल्याशिवाय जाणार नाही, असं तिने नवऱ्याला सांगून टाकलं.

इकडे भट्टीचं दार नीट लागत नव्हतं. धग एका बाजूने निसटायची आणि पाव एका अंगाने पांढरे राहायचे. मिस्त्री महिनाभर उद्या येतो, उद्या येतो करत होता, आणि मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

त्या सकाळी प्रत्येक घाणा भट्टीतून बाहेर आला, की छोटी कमरेवर हात ठेवून थांबायची. ओठ घट्ट मिटायची आणि मग पुन्हा कामाला लागायची. विचारलं तर म्हणाली, वाकून वाकून कंबर भरलीय. मलाही ते पटलं. बेकरीत दिवस असाच जातो. घाणा आला की धावपळ, मग जरा दम, मग पुढचा घाणा. घाण्यागणिक कंबर तर माझीही दुखते. तिचं दुखणं त्याच तालावर चाललेलं, मग शंका यायची कुठून?

नेमका त्याच दिवशी मिस्त्री उगवला. भट्टी विझवली, दार उतरवून जमिनीवर ठेवलं आणि त्याची ठोकाठोक सुरू झाली. दीर त्याच्या हाताशी उभे. आम्हा दोघींना कामच उरलं नाही, म्हणून खुर्च्या टाकून कागदी पिशव्या चिकटवत बसलो. मी मिस्त्रीला ऐकू जाईल अशा बेताने त्याचंच कौतुक करत होते. बोलता बोलता पाहिलं, तर छोटीचा हात कमरेवर. ओठ मिटलेले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आणि मग पुन्हा. माझ्या हातातली पिशवी हातातच राहिली.

"छोटे, आता कुठला घाणा आला?"

ती विझलेल्या भट्टीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, परत हसतील सगळे."

"हसू देत. कोण हसतं ते मी बघते. ऊठ."

बॅग अर्थातच कपाटात होती. पावाच्या गाडीतून आम्ही निघालो. दिरांनी गाडी अशी हाकली की मागचे रिकामे क्रेट दवाखान्यापर्यंत खडखडत होते. नर्सबाईंनी पोटावर हात ठेवला आणि त्यांचं हसू गेलं. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, कळा खऱ्या आहेत, बहुतेक सकाळपासूनच्या; आता थांबायला नको. छोटीला आत नेलं आणि ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं. मी आयुष्यात इतका वेळ गप्प कधी बसले नव्हते. दीर भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांचे हात भट्टीच्या काजळीने काळे होते.

मग आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, वेळेत आणलंत, एवढंच ऐकलं. मी तिथेच जमिनीवर बसून ढसाढसा रडले. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

संध्याकाळी छोटी म्हणाली, "भट्टी चालू असती तर मी अजून कंबरच चोळत बसले असते." मी तिला गप्प पड म्हटलं, पण तिचा हात काही सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री समोरून चालला होता. मी त्याला हाक मारून थांबवलं, तसा तो दोन पावलं मागेच सरला. मी त्याच्या हातात गरम पाव आणि पोरांसाठी बिस्किटांचा पुडा दिला. त्याने पुड्याकडे संशयाने पाहिलं आणि विचारलं, दार बरोबर लागतंय ना. मी म्हटलं, एकदम झकास.

दार अजूनही लागत नाही. पाव एका अंगाने पांढरेच निघतात. पण त्याला बोलायला माझी जीभ काही रेटत नाही.