लाँड्रीच्या गाडीतून राजधानी

मावशींनी गाडी चालवायला शिकायचं ठरवलं तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, आणि त्यामागे हौसबिऊस काही नव्हती. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांची लाँड्री होती. आत दोन धुलाई मशीन, एक वाफेची इस्त्री, मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींचा भलामोठा तंबू आणि दारात एक जुनी पांढरी व्हॅन. व्हॅनच्या दोन्ही बाजूंना निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, 'कपडे नेतो, धुतो, परत आणतो.' हे नेण्याआणण्याचं काम करणारा ड्रायव्हर एके दिवशी दुसरी नोकरी धरून चालता झाला आणि हॉटेलच्या धुतलेल्या चादरी दुकानातच अडकल्या. मावशींनी ड्रायव्हिंग स्कूल गाठलं.

"मला शिकवा," त्या म्हणाल्या, "आणि जरा लवकर शिकवा. चादरी खोळंबल्यात."

ब्रेक दाबताना गाडीला "थांब गं बाई" म्हणणारी विद्यार्थिनी आपल्याला आयुष्यात ही एकच भेटली, असं तो शिकवणारा अजून सांगतो. पण मावशी परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाल्या. महिन्याभरात त्या अख्ख्या गावात व्हॅन फिरवू लागल्या.

त्यांच्या यजमानांना सगळे मास्तर म्हणत. ते मास्तर कधीच नव्हते. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवून पुसून ठेवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. पण बोलण्याची ढब अशी, की ऐकणाऱ्याने आपसूक सरळ बसावं. मास्तरांना एकच वेड होतं. राजधानीच्या संग्रहालयात कुठल्याशा राजाने करवून घेतलेलं एक घड्याळ होतं, दोन पुरुष उंचीचं. तास झाला की त्याची दारं उघडायची आणि आतून एक गलबत, एक कोंबडा आणि अर्धा चंद्र असे ओळीने बाहेर यायचे. लग्न झाल्यापासून मास्तर दरवर्षी नकाशा काढत आणि दरवर्षी घडी घालून ठेवून देत. कधी लेकीची परीक्षा, कधी आईचा गुडघा, कधी फार ऊन. खरं कारण मावशींना पक्कं ठाऊक होतं. अनोळखी शहर म्हटलं की मास्तरांचा धीर सुटायचा.

एका संध्याकाळी जेवताना मावशी म्हणाल्या, "येत्या शनिवारी आपण राजधानीला जायचं."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "कशाने?"

"व्हॅनने."

"चालवणार कोण?"

"शेजारचं कुत्रं," मावशी म्हणाल्या. "अहो, कोण म्हणजे काय? मीच की."

औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या लेकीने तिथल्या तिथे रजा टाकली. सासूबाईंनी एकच अट घातली. "मी पुढे बसणार. मागे बसलं की मला मळमळतं, आणि तू काय करतेस तेही दिसत नाही."

शनिवारी सकाळी निघाले. मागच्या बाकावर मास्तर आणि लेक, त्यांच्या पायांशी पाव, केळी आणि उकडलेल्या अंड्यांचा डबा. गाव मागे पडलं आणि हमरस्ता लागला. शेजारून पहिला मोठा ट्रक घोंघावत गेला तेव्हा मावशींनी स्टिअरिंग घट्ट आवळलं. गावातल्या बोळांत असले राक्षस कुठले असायला! पण सासूबाई शेजारी टक लावून बसलेल्या. घाबरायचीसुद्धा सोय नव्हती. मावशींनी पदर खोचला आणि वेग जराही कमी केला नाही.

मास्तर नकाशा मांडीवर घेऊन वाट सांगत होते. "डावीकडे! डावीकडे! म्हणजे माझ्या डावीकडे!"

"अहो, तुमची डावी आणि माझी डावी एकच आहे. दोघांची तोंडं एकाच दिशेला आहेत ना?"

लेकीने हसतहसत वडलांच्या मांडीवरचा नकाशा काढून घेतला आणि सुलटा करून परत दिला.

राजधानीत शिरल्यावर पहिल्याच सिग्नलला एक सुटाबुटातला गृहस्थ धावत आला. त्याने खिडकीवर टकटक केली आणि चहा सांडलेला कोट पुढे केला. "अर्जंटमध्ये होईल का?"

मावशींनी तोंड उघडण्याआधीच सासूबाईंनी सांगून टाकलं, "चार दिवस लागतील. पावती नाक्यावर मिळेल."

सिग्नल हिरवा झाला. तो बिचारा कोट हातात धरून बघतच राहिला. गाडीत अशी काही खसखस पिकली, की मावशींना डोळे पुसत गाडी हाकावी लागली.

पुढे विजयकमानीचा मोठा चौक आला. मधोमध उंच दगडी कमान आणि तिच्याभोवती चारचार रांगांत गरगरणाऱ्या गाड्या. मावशी त्यात शिरल्या खऱ्या, पण बाहेर पडता येईना. कडेला सरकायला जावं तर कोणीतरी भोंगा वाजवत आडवं येई. कमानीवरचे दगडी घोडे एकदा समोरून दिसले, मग मागून, मग पुन्हा समोरून.

"बघून झाली हो कमान," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्या अंगांनी बघून झाली."

मास्तरांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. शेवटी चौकातल्या हवालदारीण बाईंनी शिट्टी फुंकली आणि व्हॅनजवळ आल्या. बाजूची अक्षरं वाचून म्हणाल्या, "काकू, मगाचपासून बघतेय. कपडे पोचवायचे आहेत की नुसतेच वाळवताय?"

"पोरी, आम्हाला संग्रहालय बघायचंय गं," मावशी कळवळून म्हणाल्या.

त्या बाईंनी हात वर केला. चारही रांगा जागच्या जागी थांबल्या आणि लाँड्रीची व्हॅन एखाद्या मंत्र्याच्या थाटात चौकातून बाहेर पडली. मावशींनी आरशात मागे पाहिलं. एवढ्या गाड्या आपल्यासाठी उभ्या आहेत, हे बघून त्यांना हसू फुटलं आणि आत कुठेतरी मस्त ऐटही वाटली.

संग्रहालयात पहिल्या दालनात जुन्या राण्यांचे पोशाख होते. जरीचे घोळ, मोत्यांच्या बाह्या. सासूबाई काचेला नाक लावून म्हणाल्या, "सुंदर आहे. पण हे धूत कोण असेल?"

"कोणी धूतच नसेल," मावशी कुजबुजल्या. "वास बघा नीट."

पहारेकऱ्याने त्यांच्याकडे वळून पाहिलं, तशा दोघी सासूसुना तोंडाला पदर लावून पुढच्या दालनात सटकल्या.

आणि तिथे मास्तर उभे होते. समोर एक रिकामा ओटा, दोरी लावलेली आणि दोरीला छोटी पाटी: 'घड्याळ दुरुस्तीसाठी हलवले आहे.'

मास्तर बाकावर जाऊन बसले आणि चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता. मावशींना भडभडून आलं. निघण्याआधी साधा एक फोन करायला आपल्याला काय झालं होतं? चादरींच्या हिशेबाने माणसाचं आयुष्यभराचं स्वप्न उरकायला निघालो आपण.

"असू दे गं," मास्तर म्हणाले. "कमान पाहिली ना."

हे मात्र मावशींना सोसवलं नाही. त्या तरातरा पहारेकऱ्याकडे गेल्या. मघाशी हसण्यावरून तो जरा नाराज होता, पण मावशींचा चेहरा बघून विरघळला. "दुरुस्ती खालीच चालते," तो म्हणाला. "तळमजल्यावर जा. काचेची भिंत आहे, बाहेरून सगळं दिसतं. कोणी जात नाही एवढंच."

मावशींनी मास्तरांना हाताला धरून जिना उतरवला. काचेपलीकडे लांबच लांब टेबल होतं आणि त्यावर ते घड्याळ सुटं करून मांडलेलं. ताटाएवढी चक्रं, नखाएवढी चक्रं, कापसावर आडवं पडलेलं गलबत आणि मान काढून ठेवलेला कोंबडा. निळ्या कोटातली एक तरुण बाई लहानशा ब्रशने पितळेचा दात न् दात घासत होती. मास्तर काचेला इतके चिकटले, की त्यांच्या श्वासाने काच धुरकट झाली. बाईने वर पाहिलं, हसली आणि दार उघडून बाहेर आली.

"विचारायचंय काही?"

मास्तरांना काय विचारू आणि काय नको असं झालं. कोंबडा आरवतो कशाने? चंद्राला कुठलं चक्र ढकलतं? ब्रशला केस कसले? ती एकेक सांगत गेली. मग तिने हातमोजे घातलेल्या तळव्यावर कोंबड्याचा छोटा भाता आणून त्यांच्यासमोर धरला आणि बोटाने हलकेच दाबला. भात्यातून बारीक, फाटका, अगदी खराखुरा 'कूऽऽ' निघाला.

मास्तर लहान पोरासारखे हसले. हे हसू मावशींनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. वर ते घड्याळ उभं असतं, तर दोरीपलीकडून बघून आले असते. इथे मात्र त्याचं पोटच उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना किल्ला पाहिला, नदीवरचा पूल पाहिला, आणि लेकीच्या हट्टापायी मेणाच्या पुतळ्यांपुढे उभं राहून फोटो काढले. पण मास्तर जाईल तिथे त्या भात्याबद्दलच बोलत होते.

परतीच्या वाटेवर चहाला थांबले. टपरीवाल्याने व्हॅनवरची अक्षरं वाचून विचारलं, "आजी, कुठली डिलिव्हरी?"

"डिलिव्हरी कसली?" सासूबाई बशीत चहा ओतत म्हणाल्या. "राजधानी बघून आलो. आमच्या सूनबाईंनी नेलं. एकटीने चालवली गाडी, जाताना आणि येताना."

मावशी तेव्हा पुढची काच पुसत होत्या. त्यांनी ऐकलं, पण मागे वळल्या नाहीत. स्वच्छ झालेली काच त्या आणखी जरा वेळ पुसत राहिल्या.

सोमवारी दुकान उघडलं तेव्हा हॉटेलचा मॅनेजर तणतणत दारात उभा होता. मावशींनी त्याला चादरी दिल्या, वर किल्ल्याचे फोटो दाखवले आणि सांगितलं, की हिवाळ्यात परत दोन दिवस बंद राहील. समुद्रावर दीपगृह बघायला जायचंय. मास्तरांनी नकाशा कालच काढून ठेवलाय.