बाईंच्या शिकवणीची रुजवात

आता तुम्ही चहा घेताच आहात तर सांगूनच टाकतो. नाहीतरी आमची मार्था कधी ना कधी सांगणारच, आणि ती सांगते तेव्हा मीठमसाला लावून सांगते. गाढवपणा माझा आहे, तर निदान माझ्या तोंडून तरी ऐका!

तुम्हाला ठाऊक आहे, मी सगळी नोकरी कचेरीत नकला करण्यात काढली. कुणाला जुन्या फेरफाराची नक्कल हवी असली की ती आम्ही लिहायची. मग एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून बघायचं, आणि खाली सही ठोकायची : ‘रुजवात घेतली.’ नकलेत चुकलेली वेलांटी सापडली की त्या दिवशी मला दोन घास जास्त जायचे. काय करणार, स्वभाव!

मार्था जन्माची कॅथलिक. आमचं लग्न कचेरीतल्याच टेबलावर, नोंदणी पद्धतीनं झालं. तेव्हापासून दर रविवारी ती चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेला आत आणि मी बाहेर स्कूटरपाशी. निवृत्त झालो तसं एकदा म्हणालो, “अगं, मीही येतो आता आत.”

“मग स्कूटर कोण बघंल?” असं म्हणाली खरी, पण पदरानं डोळे पुसत आत गेली. मला फार बरं वाटलं.

पण नुसतं आत शिरून भागत नाही ना! फादर म्हणाले, “आधी शिकवणीला बसा. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाला बाप्तिस्मा देऊ.” भोरात सिस्टरांचा एक छोटा दवाखाना आहे, त्याच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी हा वर्ग. विद्यार्थी तीन. एक मी. दुसरा दत्तू, पालीचा. राजगडावर येणाऱ्या ट्रेकवाल्यांना तंबू भाड्यानं देतो आणि एका कॅथलिक नर्सशी लग्न ठरवून बसलेला. तिसऱ्या हौसाबाई, हिर्डोशीच्या. साठी उलटलेली. त्यांच्या नवऱ्याचं शेवटचं दुखणं सिस्टरांनी काढलं होतं, तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलेलं. पहाटे भात-नाचणीचं आवरून, मिळेल ती एसटी पकडून यायच्या, आणि पहिल्या बाकावर बसायच्या.

शिकवायला फिलोमिनाबाई. नगरकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. हातात जपमाळ, आणि पुस्तक? पुस्तक नाहीच! सगळं तोंडी! आता तुम्हीच सांगा, नकला विभागात जन्म काढलेल्या माणसाला तोंडी कारभारावर विश्वास बसेल का?

म्हणून मी माझा मूळ कागद शोधला. कापूरहोळच्या चौकात स्कूटरचं पंक्चर काढायला थांबलो होतो. शेजारी रद्दीचं दुकान. तिथल्या ढिगात सापडलं : ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरं. पुढचं कव्हर गायब, पहिली चार पानं गायब, कागद पिवळा आणि नुसता हात लावला तरी चुरा होईल असा. मी छातीशीच धरलं! कचेरीचा नियमच आहे, कागद जितका जुना तितका पक्का.

घरी आणून झकास खाकी कव्हर घातलं. मागची घडी आतून डिंकानं गच्च चिकटवली. वर चिठ्ठी लावली, ‘धर्मशिक्षण : मूळ प्रत.’

मार्था म्हणाली, “बघू तरी कसलं पुस्तक आणलंय.”

“राहू दे,” मी म्हणालो. “तू जन्मजात. जन्मजात माणसाला नियम कुठले माहीत असतात?”

ती हसली आणि भाजी निवडायला गेली. तिथंच पुस्तक तिच्या हातात दिलं असतं तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं!

पुढच्याच शनिवारी बाईंनी दहा आज्ञा घेतल्या. बाई म्हणायच्या, आम्ही बोटांवर मोजायच्या. मी मांडीवर पुस्तक उघडं ठेवलेलं.

“पाचवी, खून करू नको,” बाई म्हणाल्या.

मी दचकलो. माझ्या पुस्तकात खून सहावा! व्यभिचार बाईंचा सहावा, माझा सातवा. चोरी बाईंची सातवी, माझी आठवी. एक आज्ञा मधूनच कुठेतरी गळाली होती. घरी जाऊन रुजवात घेतली तेव्हा कळलं, मूर्तीला नमू नको ही स्वतंत्र आज्ञाच बाईंच्या यादीत नाही! मग दहाचा आकडा भरला कसा? तर शेवटच्या आज्ञेची फोड करून. शेजाऱ्याच्या बायकोची हाव एक, त्याच्या मालमत्तेची हाव दुसरी. अहो, एका गटाचे दोन पोटहिस्से पाडून क्षेत्र जुळवायचं, हे प्रकार मी सगळी नोकरी बघत आलो. माझ्यापुढे चालणार होते का?

आणि बाईंच्या खुर्चीमागे काय होतं? पवित्र मरियेची मूर्ती! चांगली हातभर उंच, गळ्यात झेंडूचा हार. म्हणजे आज्ञा का गळाली याचं कारणही समोरच उभं!

झालं. संशयाचा किडा एकदा डोक्यात शिरला की तो स्वस्थ बसतो का? मी चौकशी सुरू केली. गोपनीय. मार्थालासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

“बाई, तुमचं ह्या विषयातलं शिक्षण कुठं झालं?” मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

“आईच्या मांडीवर,” बाई म्हणाल्या.

मी वहीत नोंद केली : प्रमाणपत्र नाही.

पुढच्या खेपेला बाई म्हणाल्या, संस्कार सात. माझ्या पुस्तकात दोन! पाच वाढीव नोंदी! मी हात वर केला. “बाई, ह्या पाचांना आधार काय?”

“भाऊसाहेब, ते पुस्तक मिटा अन् जरा इकडं बघा,” बाई हसून म्हणाल्या.

पुस्तक मिटा? कुणाला भीती वाटते पुस्तकाची? ज्याच्या नोंदीत खाडाखोड असते त्याला! माझी खात्रीच पटली. ही बाई मुळात कॅथलिकच नसावी. दुसऱ्या कुठल्या पंथानं आमच्यात घुसवलेली असावी. नगरहून थेट भोरला कोण येतं हो? आणि तेही बिनपगारी?

मग मी काय केलं असेल? गप्प बसलो असतो तर शहाणा ठरलो असतो. मी एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीत समांतर वर्ग काढला! शिकवणी सुटली की दत्तू आणि हौसाबाईंना घेऊन बसायचं, आणि बाईंनी शिकवलेलं दुरुस्त करून द्यायचं.

दत्तू तर भारावून गेला. “भाऊसाहेब म्हंजी वरिजिनल! आमाला ह्यातलं काय कळतंय?”

हौसाबाई नुसत्या ऐकायच्या. त्या कधी वाद घालत नसत.

आणि मग ती नोव्हेंबरातली शिकवणी आली. बाईंनी मेलेल्यांचा विषय घेतला. म्हणाल्या, देवाकडे जाण्याआधी माणसाला शुद्ध व्हावं लागतं, त्याला वेळ लागतो, आणि आपण इथून प्रार्थना केली तर त्याचा त्यांना उपयोग होतो. हौसाबाईंचा चेहरा असा उजळला म्हणता! “म्हंजी म्या हितनं मालकाच्या नावानं मेणबत्ती लावली तर त्यास्नी पोचंल?”

“पोचतं की,” बाई म्हणाल्या.

मी पानं उलटली. माझ्या पुस्तकात साफ नाही म्हटलेलं. मेल्यावर शुद्ध होण्याची अशी कुठली जागा नाही आणि मेलेल्यासाठी प्रार्थनाही नाही.

टपरीवर मी हौसाबाईंना ते पान वाचून दाखवलं. सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवून. अगदी कचेरीतल्यासारखं.

“म्हंजी आमच्या मालकांसाठी आता काईच करता येत न्हाई व्हय?” त्यांनी विचारलं.

“नाही, हौसाबाई. मूळ प्रतीत नाही.”

त्या चहा तसाच ठेवून उठल्या आणि हिर्डोशीच्या गाडीत जाऊन बसल्या. पुढच्या शनिवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाहीत. पहिला बाक मोकळा.

आणि मी काय केलं, ऐका! वहीत लिहिलं : ‘सदर शिकवणीमुळे विद्यार्थी गळती.’ लाज वाटते आता सांगताना.

मग मी बिशपसाहेबांना अर्ज केला. साधा नाही, तक्ता जोडून! अनुक्रमांक, बाईंचे कथन, मूळ प्रतीतील मजकूर, तफावत, शेरा. सोबत पुस्तकातल्या अकरा पानांच्या स्वहस्ते केलेल्या नकला. प्रत्येकीखाली सही, ‘रुजवात घेतली.’ पोस्टात टाकताना अंगावर मूठभर मांस चढलं. म्हटलं, धर्मात शिरायच्या आधीच धर्माची सेवा!

पंधरा दिवसांनी शनिवारीच फादर वर्गात आले. हातात बिशपसाहेबांकडून आलेला माझा अर्ज. मी ताठ बसलो. आज मार्थाही आली होती, फादरांनी मुद्दाम बोलावलेली. मला वाटलं, नवऱ्याचा सत्कार बघायला.

“भाऊसाहेब, असा अर्ज मी आयुष्यात बघितला नाही,” फादर म्हणाले. “अक्षर तर छापल्यासारखं. फक्त ती मूळ प्रत जरा बघू.”

मी दोन्ही हातांनी दिली. फादरांनी पुढून चाळली, मागून चाळली. मग मागच्या पुठ्ठ्याच्या आत जिथं मी घडी चिकटवली होती तिथं त्यांचं बोट थांबलं. नखानं त्यांनी हलकेच खाकी कागद सोडवला. डिंक चांगला होता, वेळ लागला. मार्था माझ्याकडे बघत होती, मी बाईंकडे बघत होतो. म्हटलं, आता बाईंचं तोंड बघण्यासारखं होणार.

घडीच्या खाली बारीक टायपात दोन ओळी होत्या. फादरांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. “वाचा.”

मी वाचलं. छापणाऱ्या मिशनचं नाव होतं. प्रोटेस्टंट मिशन!

“पुस्तक उत्तम आहे,” फादर म्हणाले. “आपल्या भावकीतलंच म्हणा. आज्ञा त्याच, मोजायची रीत वेगळी. पण सात-बारा आपला नाही.”

म्हणजे कळलं का तुम्हाला? शेजारच्या गटाचा उतारा हातात घेऊन मी आमच्या जमिनीची मोजणी करत बसलो होतो! आणि नेमकी नाव असलेली जागा माझ्याच हातानं, माझ्याच डिंकानं झाकलेली!

दत्तू हळूच म्हणाला, “मंग भाऊसाहेब, टपरीवर जे शिकलो ते?”

“कुठल्या टपरीवर?” फादरांनी विचारलं.

सगळं बाहेर आलं. फादरांनी ऐकून घेतलं आणि माझा तक्ता घडी करून खिशात ठेवला. “तक्रार खरी आहे, भाऊसाहेब. ह्या वर्गात वेगळी शिकवण चालू होती. फक्त ती देणाऱ्याचं नाव तुम्ही चुकीचं लिहिलंत.”

दत्तू हसला, मार्था हसली. फिलोमिनाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या मोकळ्या बाकाकडे बघत म्हणाल्या, “हौसाबाईंना काय सांगितलंत तुमी?”

मी सांगितलं. बाईंनी डोळे मिटले. अहो, साहेबांनी मेमो दिला असता तर परवडलं असतं. हौसाबाईंचा नवरा गेलेला, त्यांना एक मेणबत्ती तेवढी उरलेली, आणि मी तिच्यावर बोट ठेवून ‘नाही’ म्हणालो होतो. माझा बाप्तिस्मा राहिला तरी चालेल, पण त्यांना आधी भेटलंच पाहिजे असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी हिर्डोशीची गाडी धरली. गाडी धरणाच्या कडेकडेनं वळसे घेत जाते, आणि प्रत्येक वळणाला मी नवं वाक्य जुळवत होतो. उतरून चढ चढलो. हौसाबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या.

“आवं भाऊसाहेब! हितं कुठं? बसा, पानी आनते.”

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पुस्तक दुसऱ्याचं, चूक माझी, बाईंचं बरोबर, मेणबत्ती पोचते. एका दमात. “हौसाबाई, माफ करा. माझ्यामुळे तुम्ही मालकांची मेणबत्ती बंद केलीत.”

“बंद? कुनी केली बंद?” त्यांनी सूप खाली ठेवलं. “तितं मालकांसाठी काय मागायचं न्हाई, मंग येऊन करू काय? म्हनून म्या आलेच न्हाई. घरीच लावत व्हते.”

आणि मला ओटीवर घेऊन गेल्या. कोनाड्यात त्यांच्या मालकांचा टोपीतला फोटो होता. पुढे मेणबत्त्या. पण एक नव्हे, दोन!

“ही दुसरी कुणाची?” मी विचारलं. जुनी खोड, आकडा जुळला नाही की राहवत नाही.

“तुमची.”

“माझी? हौसाबाई, मी जिवंत आहे हो!”

“ते दिसतंय की,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पर बाई बोलल्या व्हत्या न्हवं, शुद्ध व्हायला लई येळ लागतो म्हनून? त्या दिशी टपरीवर तुमचं ऐकलं, आन् म्हनलं, ह्यांचं आत्तापासनंच सुरू करावं. मागनं घाई नको.”

मी चहा घेतला, कप खाली ठेवेपर्यंत मान वर केली नाही.

पुढच्या शनिवारी हौसाबाई पहिल्या बाकावर. पास्काला आम्हा तिघांचाही बाप्तिस्मा झाला, मार्था माझ्या शेजारी उभी होती, आणि स्कूटर बाहेर एकटी. पण त्याआधी एक शंका राहिलीच होती. शेवटच्या तासाला मी हात वर केला आणि दुसऱ्या मेणबत्तीची हकिकत सांगून बाईंना विचारलं, “बाई, जिवंत माणसाच्या शुद्धीसाठी आधीपासून मेणबत्ती लावलेली चालते का? ही शिकवण बरोबर आहे का?”

बाईंनी मला टाळूपासून चपलांपर्यंत एकदा नीट बघितलं. नकलेवर बोट ठेवून बघतात ना, तसं.

“शिकवण बरोबर हाय, भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या. “पण एका मेणबत्तीत भागायचं न्हाई.”