लाखोरीच्या पोटातलं पाणी

"सिस्ट आहेत. ओव्हेरियन सिस्ट. दोन्ही बाजूंना," नागपूरच्या डॉक्टर मॅडम सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या.

पडद्यावर दोन काळे गोल दिसत होते. टेबलावर, माझ्या दोन तळव्यांच्या मध्ये, आमची लाखोरी गप पडून होती. लाखोरी म्हणजे आमची गिनीपिग, जेमतेम किलोभर वजनाची. माझ्या मागे उभ्या असलेल्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, डोळ्यांवरचा काळा चष्मा वर सारला.

"काय सापडलं म्हनता?"

"बाबाजी, ओव्हरी म्हणजे बीजकोश. त्याच्यावर पाण्याच्या पिशव्या झाल्या आहेत. एक बोराएवढी, एक लिंबाएवढी."

"एवढुशा पोटात लिंबू!" मामाजी म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले.

ज्यांच्या घरी मादी गिनीपिग आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी शोधत होते तेव्हा मला मराठीत असं काही सापडलं नव्हतं.

मी भंडाऱ्यात प्राथमिक शिक्षिका आहे. माझी मुलगी मृणाल अकरावीत असताना तिने दोन गिनीपिग आणल्या, दोघी बहिणी. आजोबांच्या दिघोरीच्या शेतातली नावं तिने त्यांना दिली. तपकिरी ठिपक्यांची ती लाखोरी, लाखेच्या डाळीवरून, आणि पांढरी ती चिन्नोर, तांदळावरून. पुढे मृणाल शिकायला पुण्याला गेली आणि दोघी माझ्या गळ्यात पडल्या. सकाळी कोथिंबिरीची जुडी सोडताना पिशवी वाजली की दोघी शिट्ट्या मारायच्या. मला तेवढंच त्यांचं कौतुक होतं.

त्या वर्षी मामाजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, शेत नाही, बैल नाही. पहिल्या दिवशी म्हणाले, "हे उंदरं कायले पोसता वो?" चौथ्या दिवशी लाखोरी त्यांच्या धोतरावर झोपली होती. दिसत नसल्यामुळे ते तिला हातांनीच ओळखायचे. आजार त्यांच्या हातांनाच आधी सापडला.

"वर्षा, इकडं ये. हिच्या कुशीवरचे केस झडून राहिले. दोन्हीकडं सारखे. आन पोट पाह्य, ढोलकीवानी तन्न झालं."

मी म्हटलं, वयामुळे असेल, तीन वर्षांची झाली. खरं तर खुणा महिनाभर समोर होत्या. लाखोरी चिन्नोरच्या मागे लागायची, गुरगुरत तिच्या पाठीवर चढायची. स्तनाग्रांवर खपली धरलेली होती. त्या चढण्यावर मामाजींचं निदान तयार होतं, "माजावर आली असन." ते पूर्ण चुकीचं नव्हतं, हे पुढे कळलं. या पिशव्यांमुळे हार्मोन वाढू शकतात, म्हणून केस दोन्हीकडे सारखे गळतात आणि स्वभाव बिघडतो.

भंडाऱ्यातल्या गुरांच्या डॉक्टरांनी तिला हळूच चाचपलं आणि सरळ सांगितलं, "मॅडम, मी गाई-शेळ्यांचा माणूस. गाठ लागते आहे, पण हिच्यावर मी प्रयोग करणार नाही. नागपूरला न्या." त्यांचे मी आजही आभार मानते. नाही म्हणणारा डॉक्टरही भला असतो.

नागपूरला आधी हार्मोनचं इंजेक्शन मिळालं. काही सिस्ट त्याने आटतात. दहा दिवसांनी दुसरं. लाखोरीला टोपलीत घालून आम्ही एसटीने जायचो. मामाजी कंडक्टरला आपणहून सांगायचे, "पेशंट आहे," आणि अर्धी बस टोपलीत डोकावून जायची.

पिशव्या आटल्या नाहीत. डावीकडची उलट वाढली. लाखोरीचं खाणं कमी झालं, पाठीचा कणा हाताला लागू लागला. मॅडम म्हणाल्या, "सुईने पाणी काढता येतं, पण ते पुन्हा भरतं. कायमचा उपाय म्हणजे ऑपरेशन. बीजकोश आणि गर्भाशय काढायचं. पण एवढ्या छोट्या जिवाला भूल देण्यात धोका असतो. ती उठेलच असं वचन मी देणार नाही."

घरी आल्यावर मी मृणालला फोन लावला. ती रडायला लागली. "आई, टेबलावरच गेली तर?" मलाही तेच वाटत होतं. शाळेतली एक मैत्रीण म्हणाली होती, जाऊ दे गं, केवढा तो जीव, कशाला कापाकापी. मामाजींनी फोन माझ्या हातातून घेतला.

"मृणाल, आयक. तुह्या आजीच्या पोटात गोटा होता. दोन साल तिनं कोनालेच सांगतलं नाही. मी रोज बाजूले जेवत होतो, मले नाही समजलं. हिचं तं समजलं ना? मंग समजून गप कायले बसाचं?"

सासूबाईंबद्दल ते इतकं बोलल्याचं मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. पलीकडून मृणाल म्हणाली, "करा, आजोबा."

ऑपरेशनच्या सकाळी मॅडमनी सांगितलं की उपाशी ठेवू नका, गवत खाऊ द्या. गिनीपिगला उलटी होत नाही, आणि आतडं रिकामं राहिलं तर ते थांबून बसतं.

"माह्या हर्नियाच्या टायमाले मले पानी नाही देल्लं," मामाजी कुरकुरले, "हिचे बरे लाड!"

चिन्नोरलाही आम्ही सोबत नेलं होतं. बहीण जवळ असली की धीर येतो, असं मॅडम म्हणाल्या होत्या. दार बंद झालं. मी भिंतीवरचा कुत्र्यांच्या जातींचा तक्ता तीनदा वाचला. मामाजी टोपलीवर हात ठेवून चिन्नोरशी बोलत होते, "येते, येते थांब."

तासाभराने मॅडम बाहेर आल्या. मास्क खाली होता आणि त्या हसत होत्या.

"झालं. दोन्ही पिशव्या न फुटता निघाल्या. उठली आहे, आणि चिडलेली आहे."

मामाजींनी खुर्चीवरून उठून त्यांना दोन्ही हात जोडले. "जय भीम, डाक्टरीनबाई. तुमचे हात चांगले राहो."

पण खरी परीक्षा पुढच्या तीन दिवसांची असते. तुमच्यावर वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा. वेदनाशामक औषध चुकवू नका. आपल्या मनाने कुठलंही अँटिबायोटिक देऊ नका, पेनिसिलिनच्या जातीचं तोंडावाटे दिलं तर गिनीपिगच्या जिवावर बेतू शकतं. खाल्लं नाही तर भरवा, आणि लेंड्यांवर नजर ठेवा. लेंडी बंद म्हणजे आतडं बंद.

लाखोरी खात नव्हती. मी गोळीखाद्य पाण्यात भिजवून पातळ लापशी करायची आणि बिनसुईच्या सिरिंजने ओठाच्या कडेतून थेंब थेंब द्यायची. माझ्याकडून निम्मी तिच्या हनुवटीवर सांडायची. मामाजींचा थेंबही सांडत नव्हता. त्यांनी टॉवेलात गुंडाळून तिला मांडीवर घेतलं. "शेवटी वासरं पाजलीच ना आमी," म्हणाले. दर दोन तासांनी ते भरवायचे. मी शाळेत असले की ते एकटेच सगळं बघायचे.

तिसऱ्या दिवशी मी तिसरीच्या वर्गात पाढे घेत होते. फोन वाजला. मामाजी मला शाळेत कधीच फोन करत नाहीत. घाईत बोट कुठे लागलं कोण जाणे, स्पीकर सुरू झाला.

"वर्षा! लेंड्या टाकल्या! चार! चांगल्या कोरड्या!"

वर्ग छप्पर उडेल असा हसला. मी हसत होते आणि रडतही होते. मुलांना मी सगळी हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या वर्गातले सर धावत आले. त्यांना सांगायला माझ्याकडे तेवढीच बातमी होती.

संध्याकाळी लाखोरीने पेरूची फोड स्वतः कुरतडली. दोन महिन्यांत कुशीवर मऊ लव आली. चिन्नोरशी भांडणं संपली, दोघी पुन्हा एकमेकींना चिकटून झोपू लागल्या.

या सगळ्यात मी काय शिकले ते सांगते. लहान जिवाचा आजार छोटा नसतो. आणि पोटात गाठ आहे हे कळणं वाईट नसतं, न कळणं वाईट.

मामाजी दुसरा डोळा करून दिघोरीला गेले. पुढल्या महिन्यात ते पुन्हा भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा सोबत गावातल्या दोन बाया होत्या, कौसाबाई आणि त्यांची जाऊ. कौसाबाईंचं पोट वर्षभर दुखत होतं. मामाजींनी पारावर बसून लाखोरीची गोष्ट सांगितली होती. म्हणाले होते, "आमच्या घरच्या उंदराची सोनोग्राफी झाली, तुमची काहून होत नाही?"

सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. तिघं हसत घरी आली. मी चहा टाकला.

कौसाबाईंनी कप खाली ठेवला आणि पदर सावरत विचारलं, "कोठं हाये वो ते तुमची लाखोरी? पाहू तं द्या."

मी तिला आणून त्यांच्या ओटीत ठेवली. कौसाबाईंनी आधी हात आखडता घेतला, मग दोन बोटांनी तिच्या पोटाला हळूच लावून पाहिलं.

"मऊ हाये," त्या म्हणाल्या.