लिफ्टच्या पट्टीवरचं कुंकू

चंद्रपुरातल्या ज्या खासगी दवाखान्यात मी झाडूपोछा करते, तिथली लिफ्ट तपासायला एक मिस्त्री यायचा. मी बाजूला उभी राहून बघायची. विचारायची हिंमत नव्हती. एकदा त्यानंच सांगितलं, "बाई, दाराच्या या दोन काळ्या पट्ट्या कोरड्या फडक्यानं पुसत जा. इकडून तिकडं उजेड जाते, आपल्याले दिसत नाई. मधात कोणी आलं का उजेड अडते अन् दार मागं सरते."

तेव्हापासून मी त्या रोज पुसायची. कोणी नसलं की दारात हात घालून बघायची. दार लगेच मागे. माझं एवढं ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं.

दसऱ्याला दवाखान्यात यंत्रांची पूजा झाली. मॅनेजर साहेबांनी जनरेटरला, गाडीला हळदकुंकू लावलं. लिफ्टच्या दाराला लावताना तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं नेमकी त्या पट्टीवर ओढली. मग दार मिटेचना. मिटायला यायचं आणि परत उघडायचं. मी फडकं घेऊन गेले.

"साहेब, पुसून देऊ का? कुंकवानं उजेड अडून राह्यला."

"पूजेचं कुंकू पुसते का वं? अपशकून करून राह्यली सणाचा! चौथी शिकून इंजिनिअर झाली का तू?"

नर्सबाया हसल्या. मी फडकं पदराखाली घेतलं.

साहेबांनी दवाखान्याच्या वायरमनला सांगून त्या पट्ट्याच बंद करवल्या. दार झटकन मिटू लागलं. सगळे खूश. आता मध्ये कोणी आलं तरी धडकेपर्यंत दाराला ते कळणार नाही, हे मला ठाऊक होतं. पुन्हा बोलायची लाज वाटली. चार दिवस म्हातारे पेशंट चढताना मी दाराला हात लावून उभी राहिले.

पाचव्या दिवशी मी जिन्याजवळ फरशी पुसत होते. डोळ्याचं ऑपरेशन झालेली एक म्हातारी घरी निघाली. सून सामान घेऊन आधी आत गेली. म्हातारी दारातच थांबून पायानं जमीन चाचपत होती. मी उठेपर्यंत दार आलं. खांद्याला धडकल्यावर ते मागे सरकलं, पण तोवर ती पडली होती. खुब्याचं हाड मोडलं.

साहेबांनी ते कुंकू स्वतःच्या रुमालानं पुसलं. तेव्हा अपशकून झाला नाही. पट्ट्या दुपारपर्यंत पुन्हा सुरू झाल्या. मग मला आत बोलावलं. कागदावर लिहिलं होतं की म्हातारीला चक्कर आली आणि ते मी पाहिलं.

"सही येते ना तुले?"

"येते."

"काम करायचं हाय ना इथी?"

नवरा सिमेंटच्या कारखान्यातून खोकला घेऊन घरी बसलेला. चूल माझ्याच कामावर. मी सही केली. माझी चौथी त्या दिवशी साहेबांच्या कामी आली.

संध्याकाळी वॉर्डात पोछा मारताना सुनेनं मला थांबवलं. "बाई, तुमी तिथीच होत्या ना? दारानंच पाडलं ना माह्या सासूले?"

म्हातारी पलंगावरून एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होती.

"चक्कर आली त्याईले," मी म्हणाले.

सून काही बोलणार, तेवढ्यात म्हातारीच म्हणाली, "आली असन, माय. हे बाई काऊन खोटं बोलन?"