ओके आला, तरी टाका शाबूत

समजा, सव्वातीनशे शर्टांचं कापड टेबलावर थर लावून पसरलंय. खडूच्या रेघा मारून झाल्यात. मास्तर कटिंग मशीनवर हात ठेवून तुमच्याकडे बघतायत. एकदा कापलेलं कापड परत जोडता येत नाही. गिऱ्हाईक पुण्यात, त्याचा ‘ओके’ तुमच्या मोबाइलवर. म्हणाल, ‘कापा’?

शिवलीला म्हणत नाही.

सात रस्त्याजवळच्या एका गणवेशाच्या कारखान्यात ती ऑर्डरी सांभाळते. गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकायचं, कागदावर उतरवायचं, मास्तरांना समजवायचं, नमुना शिवून पाठवायचा, होकार मिळवायचा. मी तिथे ऑर्डरींचं सॉफ्टवेअर बसवायला गेलो होतो. समोरून उत्तर आलं की निरोप पोचला, असं कॉलेजात शिकलेलो. त्यामुळे ‘ओके’ आला की माझ्या पडद्यावरची चौकट हिरवी व्हायची.

“हिरवं कशाला करता लगेच?” ती म्हणाली. “रेश्माताईंनाही ओकेच आला होता की.”

रेश्मा तिच्या आधी त्या खुर्चीवर होती. दोनशे पँटी परत आल्या आणि तिची नोकरी गेली.

म्हणून शिवलीला नमुन्याच्या शर्टाची घडी घालताना बाहीची कड खिशाला एका कच्च्या टाक्याने अडकवते. घडी उलगडली की टाका तुटणारच. हे तिने कुणालाच सांगितलेलं नाही. मला दिसलं, म्हणून कळलं.

त्या सोमवारी सुरक्षारक्षकांच्या शर्टाचा नमुना पुण्याहून परत आला. सोबत खरेदी बघणाऱ्या सयाजीरावांचा मेसेज : ‘नमुना पाहिला. छान. ओके.’

टाका जसाच्या तसा होता.

“मामा, थांबा.”

गुरप्पा मास्तर वैतागले. “आता काय गं? थर लावण्यात सकाळ गेली माजी. त्यो ओके म्हनतोय, आन् तू कोन?”

“त्यांनी घडीच मोडलेली नाही.”

मालक प्रभुलिंगअण्णा केबिनमधून बाहेर आले. “एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला खोटं पाडणार का तू?”

“पाडत नाही अण्णा. शर्टाबद्दल विचारते फक्त.”

“विचार. ऑर्डर गेली, तर उद्या तुझ्या जागी हा कॉम्प्युटरवाला बसेल.”

तिने फोन स्पीकरवर टाकला. आमच्या शर्टाला खांद्यावर पट्टी नव्हतीच. तिने मुद्दाम विचारलं, “साहेब, खांद्यावरची पट्टी जाड वाटते का?”

“छे, जाडी बरोबर आहे,” सयाजीराव म्हणाले. “पिवळा रंग तेवढा भडक वाटतो. पण चालेल, करा सुरू.”

फोन बंद झाला. मला हसू आलं; पकडलं, असं वाटलं. गुरप्पा मास्तर हसले नाहीत.

“लबाड गडी नुस्तं ‘बरं हाय’ म्हनतो,” ते म्हणाले. “ह्येनं रंग कुटनं काडला?”

अण्णा मटकन स्टुलावर बसले. सयाजीरावांनी शर्ट पाहिला होता, चांगला निरखून पाहिला होता. फक्त तो आमचा नव्हता. त्यांच्या टेबलावर आणखी कुणाचा तरी नमुना होता. पसंती त्याला आणि होकार आम्हाला. कापून मोकळे झालो असतो, तर सव्वातीनशे शर्ट परत आले असते आणि ती खुर्ची पुन्हा रिकामी झाली असती.

मी गुपचूप हिरवी चौकट काढून टाकली.

शिवलीलाने परत नंबर लावला. “जपून बोल,” अण्णा कुजबुजले. मास्तरांनी मशीनची पिन काढून ठेवली.

“साहेब, एकच विचारायचं राहिलं. तुमच्यासमोर आहे ना शर्ट, त्याच्या कॉलरच्या आत लेबल कुणाचं आहे?”