साडभाऊंचं चाकांवरचं घर

आमच्या साडभाऊंइतकी प्रवासाची जय्यत तयारी करणारा आणि त्यांच्याइतका घर न सोडणारा माणूस उभ्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. या बहिणीला माझी बायको बाई म्हणते, म्हणून मीही बाईच म्हणतो. तिरोड्याजवळ त्यांची धानाची शेती आहे आणि बांधावर उभं राहिलं की वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. लग्न झाल्यापासून बाईंनी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, समुद्र दाखवा. साडभाऊ दर वर्षी हो म्हणायचे आणि दर वर्षी रोवणी, कापणी, मग उन्हाळी धान असं काही ना काही आडवं यायचं. मग एक दिवस त्यांनी मोबाइलवर एक जोडपं पाहिलं, समुद्रकाठी व्हॅन उभी करून तिच्यातच राहणारं, तिच्यातच चहा करून पिणारं. झालं. आपणही असंच जायचं, आपलं घर आपल्यासोबत न्यायचं, असं त्यांनी त्याच दिवशी जाहीर केलं.

शाळेची मुलं नेऊन नेऊन थकलेली एक व्हॅन त्यांनी आणली आणि तिचं घर करायला घेतलं, ते इतकं मनावर घेऊन की ती गाडी आहे याचाच त्यांना विसर पडला. आत दिवाण, गॅसची शेगडी, देव्हारा, बाईंच्या जुन्या साड्यांचे पडदे आणि दाराला चक्क बेल. चपला बाहेर काढल्याशिवाय ते स्वतःसुद्धा आत शिरत नसत, त्यामुळे गाडी अनवाणी चालवत. रीतसर वास्तुपूजा झाली. गुरुजींनी दार पूर्वेला आहे का असं विचारलं, तर साडभाऊंनी इंजिन सुरू करून, तुम्ही म्हणाल तिकडे करतो, असं सांगितलं. उत्तरेकडे डोकं करून झोपायचं नाही हा त्यांचा कडक नेम. एकदा दुपारी मला तिथल्या दिवाणावर डुलकी लागली, तर यांनी मी झोपेत असतानाच गाडी फिरवून माझं डोकं दक्षिणेला केलं. जाग आली तेव्हा समोर विहिरीच्या जागी गोठा होता.

यंदा धान पिकून पिवळं झालं होतं. कापणीच्या बायका सोमवारच्या ठरलेल्या, मधले दिवस मोकळे. शुक्रवारी निघायचं, छत्तीसगड ओलांडून ओडिशाचा किनारा गाठायचा आणि रविवारी रातोरात परतायचं, असा बेत ठरला. आम्ही नवरा-बायकोही सोबत होतो. चूक एकच झाली, पण ती आमच्याकडचाच माणूस करू शकतो. साडभाऊंनी वाटेवरच्या झाडून सगळ्या सोयऱ्यांना फोन करून नव्या घराची बातमी दिली. सोयऱ्याच्या गावावरून चहा न घेता पुढे जाणं म्हणजे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण. प्रत्येक फाट्यावर कुणी ना कुणी हात दाखवत उभं. बरं, नवं घर बघायला रिकाम्या हातानं कोण येणार? कुणी भिंतीवरचं घड्याळ दिलं, कुणी तांदळाचं पोतं, एका आत्यांनी तर भलाथोरला कोहळा आणला. घर पाहून झालं की जेवण, जेवण झालं की मुक्काम. गाडीत झोपतो म्हटल्यावर आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावजवळचे साडभाऊंचे मावसभाऊ खरंच दुखावले. "माह्या दारात येऊन गाडीत झोपता? गाव काय म्हणन मले?" दोन्ही रात्री आम्ही सोयऱ्यांच्या घरी झोपलो आणि आमच्या दिवाणावर कोहळा.

रविवारी सकाळी आम्ही जेमतेम कोहमाऱ्याच्या चौकात पोचलो होतो. सरळ आलो असतो तर घरून एवढ्याला दोन तास पुरले असते. ढाब्यावर चहा आला. बाई बराच वेळ हायवेवरून रायपूरकडे जाणारे ट्रक बघत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या. मले नाही पाहाचा आता समुद्र. उद्या कापणी हाय, घरी चला."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. साडभाऊंनी चहा तसाच ठेवला. व्हॅनकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि किल्ली माझ्या हातात दिली. "कापणी तुमी पाहून घ्या. आमी बसनं जाऊन राहिलो."

मला थट्टा वाटली. पोरीच्या साखरपुड्याच्या दिवशीही जो माणूस दुपारून कापणीवर हजर झाला होता, तो हे बोलत होता. बाई नको नको म्हणत असतानाच त्यांनी दोघांची पिशवी गाडीतून काढली, रायपूरकडे जाणाऱ्या बसला हात दाखवला आणि दोघं चढलीसुद्धा. बस गेल्यावर पाहतो तर रस्त्यावर साडभाऊंच्या चपला. सवयीनं बाहेर काढून चढले होते.

सोमवारी बांधावर मी उभा राहिलो आणि कापणीच्या बायका दिवसभर मला हसल्या. चार दिवसांनी दोघं परतली. पडद्याच्या एका कडीवर तासभर बोलणाऱ्या साडभाऊंना मी समुद्र कसा होता असं विचारलं, तर "मोठा हाय" एवढंच म्हणाले आणि धान बघायला निघून गेले.

बाकीचं बाईंनी माझ्या बायकोला सांगितलं. घोट्याएवढ्या पाण्यात उभं असतानाही लाट ओढून नेईल या भीतीनं साडभाऊंनी त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं, सगळ्या लोकांसमोर, अंधार पडेपर्यंत. इतक्या वर्षांच्या संसारात चार माणसांत त्यांनी कधी बाईंचा हात धरला नव्हता. मग समुद्र कसा वाटला, असं माझ्या बायकोनं विचारलं. बाई हसल्या आणि पदरानं डोळे पुसले.

"समुद्र कुठं पाहिला वं मी," त्या म्हणाल्या. "मी तं ह्यायलेच पाहून राहिली होती."